घरातला पहिला जाड माणूस

माझ्याआधी आमच्या घराण्यात कुणी जाड झालं नव्हतं. जाड व्हायला आधी पोटभर मिळावं लागतं, आणि ती पाळी आमच्याकडे माझ्यापर्यंत आलीच नव्हती. त्यामुळे रसायनीच्या कारखान्यात बॉयलरवर लागल्यावर माझं पोट सुटायला लागलं, तेव्हा घरात कुणाला काळजी वाटली नाही. उलट आई शेजारणींना माझी जुनी पँट काढून दाखवायची. "ही बघ, आता मांडीत पन जात नाय त्याच्या," म्हणायची. तिचा चेहरा असा उजळायचा की मलाही आपण काहीतरी करून दाखवलंय असं वाटायचं.

हे आता लिहायचं कारण गणपत. गणपत माझ्याच खात्यात आहे आणि अंगानंही माझ्यासारखाच आहे. त्याला प्रेशर निघालं, गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटायला लागलं, आणि परवा डबा खाताना मला म्हणतो, "दादा, आता गोळी सोडली तर चालंल ना?" मी डबा बाजूला ठेवला. त्याला तोंडानं जे सांगितलं तेच इथं नीट मांडून ठेवतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा डॉक्टरकी शिकवणार नाही. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगतो.

वाढणारा हात

आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला. वडील दुसऱ्यांच्या भातशेतीत राबायचे. मी शाळेत असतानाच ते गेले. कशानं गेले ते कुणा डॉक्टरनं सांगितलं नाही, आईनं सांगितलं. "उपाशी अंगानं राबला, म्हनून गेला." वडिलांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पण आईच्या बोलण्यातून मला ते दिसत आले आहेत, बरगड्यांसकट.

धर्मांतर झालं तेव्हा आईनं घरातले देव नदीला दिले आणि दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. पोरं शिकवायची आणि पोरांना पोटभर वाढायचं. तिच्या लहानपणी तिला दुसऱ्याच्या दारात ताटली घेऊन उभं राहावं लागायचं. वाढणारी बाई लांबूनच टाकायची आणि म्हणायची, "पुरे आता." तो शब्द आईनं आमच्या घरात कधी उच्चारला नाही. ती वाढायला बसली की तिचा हात थांबायचा नाही. ताटावर हात आडवा धरला, तर ती बोटांवरून भात घालायची. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवायचो, की नको असेल तर सरळ उठून हात धुवा.

असा तो भात, त्यावर सुकटीचं कालवण, कडेला भाजलेला खारा बोंबील. कारखान्यातली पाळी संपवून आलो की मी जेवायचो, आडवा व्हायचो आणि घोरायला लागायचो. माझी बायको कमल म्हणायची, "अहो, तुमचं घोरणं चालेल, पण मधेच तुमचा श्वास थांबतो. मग दचकल्यासारखं होतं तुम्हाला. मला भीती वाटते." मी हसण्यावारी न्यायचो.

निदानाचा दिवस

कारखान्यात दर वर्षी तपासणी व्हायची. वजनकाट्यावर उभं राहायचं, डोळे दाखवायचे, दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि कामावर जायचं. त्या वर्षी पट्टा माझ्या दंडाला पुरेना. कंपाउंडर ओढूनताणून बांधायला लागला तशी रांगेतली माणसं हसली, मीही हसलो. कारखान्याच्या डॉक्टरांनी एकदा मोजलं, मला पंख्याखाली बसवलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "उद्यापासून बॉयलरवर जाऊ नका. गेटवर बसा. आणि कर्जतला दाखवून घ्या."

मी विचारलं, "साहेब, मला काही होत तर नाहीये."

"हाच तर घोटाळा आहे," ते म्हणाले.

मला राग आला होता, खरं सांगतो. दिवसभर प्रेशरचा काटा बघणं हे माझं काम. काटा लाल रेघेच्या पुढं गेला की आधी शिट्टी होते, माणूस सावध होतो. माझ्या अंगात काटा कधीचा लाल रेघेपुढं होता आणि शिट्टी म्हणून वाजली नव्हती. बाहेर येऊन मी नळावर पाणी प्यालो आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो. मला वडील आठवत होते.

डॉक्टरीणबाई

कर्जतच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांचा लहानसा दवाखाना होता आणि आत चार खाटा होत्या. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांच्याकडे रुंद पट्टा होता, तो माझ्या दंडाला नीट बसला. मला वाटलं, आता तरी आकडा खाली येईल. थोडा आला, पण काळजी संपेल इतका आला नाही. त्यांनी मला झोपवून, बसवून, उभं करून मोजलं. मग कमलला विचारलं, "हे घोरतात का?" कमलला इतके दिवस कुणी हे विचारलं नव्हतं. ती घडाघडा बोलली.

मी माझं गणित मांडलं. चरबी झाली, नळ्या तुंबल्या, म्हणून प्रेशर चढलं. बाईंनी मला काम विचारलं. बॉयलर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमच्या नळ्या अजून बऱ्या आहेत. भट्टीत कोळसा टाकणारा तुमचा फायरमन ऐकत नाहीये. वाफ पुरेशी आहे, तरी तो कोळसा टाकतोच आहे."

"कोण फायरमन?"

त्यांनी डोक्याकडे बोट दाखवलं. मेंदूतून मज्जातंतू निघतात, म्हणाल्या, आणि त्यांतले काही आपल्या हुकमात नसतात. वाघ दिसला की तेच हृदय पळवतात, रक्तवाहिन्या आवळतात. वाघ गेला की त्यांनी शांत व्हायचं असतं. अंग फार वाढलं की पुष्कळांच्या बाबतीत ते शांत होतच नाहीत. माणूस खाटेवर पडलेला असतो आणि आत मात्र पळापळ चालू असते. झोपेत श्वास अडकला की ते आणखी चेततात. मूत्रपिंडालाही त्यांचा निरोप जातो की मीठ सोडू नको, पाणी सोडू नको. "असं का होतं, हे सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही," असंही त्या म्हणाल्या. एखाद्या डॉक्टरनं "मला माहीत नाही" असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गोळी त्यांनी दिली ती त्या फायरमनला आवरायची. तोंडाला कोरड पडेल, सुस्ती येईल. भात निम्मा, सुकट-बोंबील बंद, रोज चालायचं, वजन उतरवायचं. "आणि ही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. एकदम तर मुळीच नाही. बरं वाटलं तरी नाही." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

बाप बारीकच होता

घरी सांगितल्यावर आई माझ्याकडे बघतच राहिली. "बारीक हो म्हनते? तुजा बाप बारीकच होता रं."

डॉक्टरीणबाईंनी जाडीनं मरणारी माणसं पाहिली होती. आईनं एकच माणूस मरताना पाहिला होता आणि तो काडीसारखा होता. तिच्या दृष्टीनं तिच्या पोराला कुणीतरी बापाच्या वाटेला लावत होतं.

मग आमच्या चुलीपाशी जे सुरू झालं ते सांगायला मला अजून जड जातं. कमल अळणी डाळ करायची, आई माझ्या ताटात हळूच बोंबील सारायची. कमल भात मोजून काढायची, आई दुसरं पातेलं चढवायची. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एकदा कमलनं तो बोंबील ताटातून उचलला आणि आईपुढं धरला. "ह्याच्यापायी मी पांढरं कपाळ करून बसू का, आत्याबाई?" त्या दिवशी दोघीही जेवल्या नाहीत आणि मला दोघींचा राग आला.

गोळीनं तोंड वाळायचं, जीभ टाळूला चिकटायची. गेटवर बसल्या बसल्या डुलकी लागायची. आई म्हणायची, "पोराचा जीव शोषून घेते ती गोळी." पण काटा उतरत होता. पावसाळा सरेपर्यंत वजनही उतरलं, प्रेशर ताब्यात आलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, छान चाललंय, असंच चालू ठेवा. मी घरी जे सांगितलं त्यात "चालू ठेवा" मागं पडलं आणि "छान" तेवढं पोचलं. बरा झालो, असंच सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा तेच धरून चाललो.

उरलेलं औषध

आमच्या वस्तीची एक रीत होती. ताप उतरेपर्यंत औषध घ्यायचं आणि उतरला की उरलेलं ठेवायचं. प्रत्येक घरात बिस्किटाचा एक रिकामा डबा असायचा. त्यात खोकल्याची अर्धी बाटली, कुणाच्या तापाच्या चार गोळ्या, मलमाची चेपलेली नळी. पुढं कुणाला काही झालं की त्या डब्यातून जायचं. औषध फेकणं म्हणजे अन्न फेकण्यासारखं. या रीतीनं कितीतरी माणसं निभावली आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती रीत तापासाठी होती. बरं वाटलं तरी घेत राहायचं औषध ही गोष्टच आमच्या घरात नवीन होती.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीचं, शोभाचं, लग्न ठरलं. मुलाकडचे नेरळचे, लग्नही तिथंच. लग्नाआधी रामामामा आमच्याकडे उतरला. मामा आईचा भाऊ, अंगानं सुतळीसारखा. येताच म्हणाला, "ताई, उठलं का गरगरतं गं."

आईनं डबा काढला आणि माझ्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. मला म्हणाली, "तुला आता काय झालंय? बरा हायेस. त्याला तरी लागू दे."

मी तिथंच उभा होतो. मला आठवण होती, डॉक्टरीणबाईंचा आवाजही आठवत होता. पण बहिणीच्या लग्नात पेंगत बसायचं नव्हतं आणि तोंड वाळलेलं नको होतं. मी म्हटलं, "दे. चार दिवसांनी दुसऱ्या आणतो." कमल तेव्हा रुखवताच्या कामात बुडाली होती, तिला आम्ही कुणीच सांगितलं नाही.

नेरळ

लग्नाच्या आदल्या दिवशी मला फार बरं वाटलं. डोकं स्वच्छ, तोंडात पाणी, झोप नाही. लग्नाच्या दिवशी सकाळपासून मात्र हात कापायला लागले. घाम फुटत होता. छातीत धडधड अशी की शर्टाचं बटण हलतंय असं वाटावं. मी समजलो, बहीण सासरी जाणार म्हणून होत असेल. लोकही तेच म्हणाले. "भावाचं काळीज हाय," कुणीतरी म्हणालं आणि मला बसायला खुर्ची दिली.

शेजारच्या खुर्चीत मामा होता, पार पेंगुळलेला. मंडपात त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. मद्यापासून दूर राहण्याचं शील आलं आणि नेमका तेव्हाच मामा खुर्चीतून घसरून खाली बसला. मागे खसखस पिकली. "सकाळीच घेतली वाटतं." धर्मांतरापासून मामानं दारूला हात लावला नव्हता. आईनं मागे वळून असं पाहिलं की हसणारे गप्प झाले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी मामाला उचलायला वाकलो. डोक्यात काहीतरी फुटल्यासारखी कळ आली, समोरचा मंडप धुरकट झाला. शोभाचं तोंड मला दिसेना. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भांड्यांचा टेंपो, त्यात मी आडवा, माझं डोकं कमलच्या मांडीवर, आणि ती म्हणतेय, "डोळे मिटू नका. माझ्याशी बोला. काहीतरी बोला."

कर्जतला डॉक्टरीणबाईंनी मोजलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला आकडा कळला. "गोळी शेवटची कधी घेतलीत?" माझी जीभ वळेना. कमल म्हणाली, रोज घेतात. तेव्हा दारातून आईचा आवाज आला. "त्या म्या त्याच्या मामाला दिल्या."

कमलनं आईकडे पाहिलंच नाही. डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मामा कुठे आहेत? त्यांनाही आणा लगेच."

दोन खाटा

तर असे आम्ही मामा-भाचे शेजारीशेजारी. माझं प्रेशर आभाळाला टेकलेलं, मामाचं पायाशी. गोळ्या एकाच डब्यातल्या. मला तीच गोळी परत सुरू केली, शिवाय आणखी काही. एक परिचारिका सारखी येऊन पट्टा फुगवायची आणि न बोलता जायची. ती बोलत नाही म्हणजे वाईट आहे, असं मी समजायचो. उशीला कान लावला की माझीच धडधड ऐकू यायची, म्हणून मी कान वर करून पडायचो. डोळे परत येतील का, हे विचारायची हिंमत नव्हती. मेलो तर काय, यापेक्षा आंधळा होऊन आईच्या हातचं खात जगलो तर काय, याचीच भीती मोठी होती.

मामा शुद्धीवर आला, त्याला सगळं कळलं. छताकडे बघत म्हणाला, "भाच्या, तुजं थोडं इकडं दे, माजं थोडं तिकडं घे. दोगं बी बरं होऊ." मला हसू आलं आणि हसताना डोकं दुखलं. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की मी वाचेन.

संध्याकाळी शोभा आली. पाठवणीची वेळ होती, अंगावर लग्नाची साडी, नवरा मागे अवघडून उभा. नेरळहून ती आधी इकडे आली होती. "दादा, तू नाय येऊ शकत तर मीच आले," म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चेहरा अजून धूसर होता, पण कपाळावरचं कुंकू मला दिसलं, आणि दिसतंय म्हणून मी रडलो. तिला वाटलं, पाठवणीचं रडतोय. तसंही होतंच.

आई मात्र आत येत नव्हती. बाहेर पायरीवर बसून राहिली होती. कमलनं तिला चहा नेऊन दिला, तरी बोलल्या नाहीत दोघी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः तिच्याजवळ पायरीवर बसल्या. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाय," आई म्हणाली, "माजा नवरा बारीक हून मेला. ह्यो जाडा हून मरतोय. मंग मानसानं करायचं काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना मिळालं नव्हतं, आई. ह्याला मिळतंय, आणि तुमच्यामुळेच मिळतंय. आता त्याचं अंग सांगतंय की झालं. त्याला उपाशी ठेवा असं मी म्हणत नाही. वाढायचं तुम्हीच. फक्त भाताचा एकच डाव."

"एकच?"

"एकच. आणि गोळीही तुमच्याच हातानं द्या. कुणाला वाटायची नाही."

जरा वेळानं आई आत आली, माझ्या पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली. कमलनं सरकून तिला जागा करून दिली.

गणपतला सांगितलं ते

नजर परत आली. बॉयलरवर मात्र मी परत गेलो नाही, भांडारात बदली घेतली. डॉक्टरीणबाईंनी पुढं वजन उतरेल तशी गोळी पायरीपायरीनं कमी केली, मग दुसरी दिली. ती आजही चालू आहे. मी बारीक झालेलो नाही. फक्त होतो त्यापेक्षा कमी आहे. घोरणं उतरलं, श्वास अडकत नाही, असं कमल सांगते.

गणपतला मी एवढंच म्हटलं. आपल्या अंगातला फायरमन आपल्याला दिसत नाही, त्याची शिट्टी ऐकू येत नाही. त्याला आवरणारा हात एकदम काढलास तर तो दुप्पट कोळसा टाकतो, हे मी भोगलंय. गोळी बदलायची तर डॉक्टरला विचारून बदल. उरलेली कुणाला देऊ नकोस. आणि घरच्या बायकांना दवाखान्यात सोबत ने, बाहेर पायरीवर बसवू नकोस. शेवटची गोष्ट त्याला कळली नाही. म्हणून त्याला घरचं पहिलं जेवण सांगितलं.

कर्जतहून घरी आलो त्या दिवशी कमलनं भात केला, डाळ केली, भाजी केली. वाढायला आई बसली. तिनं ताटात एक डाव भात घातला. सवयीनं दुसरा भरला आणि हात ताटावर आणला. मी हात आडवा धरला नाही. धरायला हवा होता की नको, तेच मला कळेना. भरलेला डाव ताटावर तसाच राहिला. मग तिनं तो भात पातेल्यात परत सोडला, वर झाकण ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुरे आता, बाबू."

चुलीपाशी कमलचा हात थांबला. मी मान खाली घालून जेवलो, शेवटचं शीतही उचललं. हात धुऊन वळलो तर आई उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या तळहातावर माझी गोळी.